जागा दुप्पट, पावती तेवढीच

संपादक महोदय, नमस्कार.

पार्किंगवर तुमच्याकडे रोज पत्रं येतायत म्हणून माझंही एक. आमच्या घरी दोन गाड्या आहेत, माझी 2003 ची मारुती 800 आणि मुलाने मागच्या दिवाळीत घेतलेली स्कॉर्पिओ-एन, आणि सदाशिव पेठेतल्या जुन्या बिल्डिंगमध्ये दोन्ही लावायच्या म्हणजे रोज संध्याकाळी सर्कस. बिल्डिंग बांधली तेव्हा लोकांकडे स्कूटर, फार तर 800, खांब त्याच हिशोबाने टाकलेत. मोठी गाडी दोन खांबांमध्ये कशीबशी जाते पण मग दार पूर्ण उघडत नाही, म्हणून आधी सगळ्यांना रस्त्यावरच उतरवायचं, आरसे मिटायचे, आणि मग मुलगा पोट आत ओढून फटीतून बाहेर येतो. आई 84 ची, तिला त्या गाडीत चढायला पाट लागतो, तो आता कायमचा डिकीत. अर्थात 800 मधून तिला उठवायला दोघं लागतात तेही सांगायला हवं.

मुलगा म्हणतो बाबा तो पत्र्याचा डबा विकून टाका. चूक नाही त्याचं. 796 सीसीचं इंजिन, एअरबॅग नाही, जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस नाही, खंबाटकी घाट चढताना आत चौघं असले की एसी बंद करायचा आणि मागचा ट्रकवाला हॉर्न मारतोय तो ऐकत बसायचं. त्याच्या गाडीला ग्लोबल एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्या धडकवून बघतात त्या चाचणीत, मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी 5 स्टार आहेत आणि साताऱ्याला जायचं म्हटलं की मी पण गपचूप तिच्यातच बसतो.

पण पेठेत काय? टेप घेऊन दोन्ही मोजल्या. 800 लांबीला 3.34 मीटर, रुंदीला 1.44. स्कॉर्पिओ 4.66 आणि 1.92. म्हणजे एक पावणेपाच चौरस मीटर अडवते, दुसरी जवळजवळ नऊ. आणि पे अँड पार्कवाला पोऱ्या दोघींना एकच पावती फाडतो, "चारचाकी". उलट माझ्या म्हाताऱ्या 800 ला रिपासिंगला 2023 ला नुसती फी 5000 पडली, आधीच्या वेळी 600 होती, वर पर्यावरण कर वेगळा. धूर जास्त सोडते म्हणून घ्या, तक्रार नाही, मग जागा जास्त खाणाऱ्याकडून जागेचे का नाही घेत? पॅरिसमध्ये 2024 ला लोकांचं मत घेऊन बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांचं पार्किंग तिप्पट केलं, आपल्याकडे तेवढं नको, पण लांबीची 4 मीटरची रेघ सरकारने 2006 ला छोट्या गाड्यांच्या करासाठी आखलेलीच आहे ना, तीच पार्किंगला लावा, त्याच्या पुढे दीडपट घ्या.

मुलाला हे वाचून दाखवलं. म्हणाला, छापून येऊ दे, पण वरचे पैसे तुम्हीच भरा.

एक वाचक,
सदाशिव पेठ, पुणे