छाटीत जाणारी मजुरी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गरिबीचा विषय निघाला की ‘लोकांना कामच नको असते’ हे वाक्य हमखास ऐकू येते. सोलापूरच्या पूर्व भागात शिक्षिका म्हणून नोकरी केल्यामुळे मला ते कधीच पटले नाही. १८७७ साली उभी राहिलेली जुनी मिल आणि तिच्या मागोमाग निघालेल्या गिरण्या बंद पडल्या, पुरुष यंत्रमागावर गेले, आणि चादर-टॉवेलची मागणी मंदावून माग थांबले की घर चालते ते बाईने मांडीवरच्या सुपात वळलेल्या विड्यांवर.

विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे ठरते. कारखान्यातून पाने, तंबाखू आणि दोरा मिळतो. पाने भिजवून मापाने कापायची, विडी वळायची, तोंड मुडपायचे, जुड्या बांधून माल नेऊन द्यायचा. पाने फाटकी किंवा कमी निघाली तर हजार भरण्यासाठी ती पदरमोड करून बाजारातून आणावी लागतात, आणि तपासणीत ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी जाते ती वेगळीच. किमान वेतनाचा दर वाढला की त्याची बातमी होते, छाटीची होत नाही. धंद्यातली नासाडी मालकाऐवजी साखळीतल्या सर्वांत दुबळ्या बाईच्या माथी मारली जाते, आणि राबूनही घर गरीबच राहण्याचे मोठे कारण मला हेच दिसते.

१९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कच्चा माल आणि छाट यांवरून होणारे तंटे सोडवण्याची सोय केली होती. पण जिला उद्याही त्याच दारातून पाने घ्यायची आहेत, ती तक्रार करणार कशी? म्हणून पाने तिच्यासमोर वजन करून द्यावीत, छाट किती आणि का काढली हे तिच्या पुस्तकात तिथल्या तिथे लिहावे आणि या नोंदी कामगार खात्याने आपणहून तपासाव्यात. त्यासाठी नव्या योजनेची, उद्घाटनाची तर मुळीच, गरज नाही.

कुंभारीच्या रे नगरात जानेवारी २०२४ मध्ये १५ हजार घरे कामगारांना मिळाली, हे मोठेच काम झाले. मजुरीचा हिशेब मात्र नव्या घरातही जुनाच आहे. जीएसटीबरोबर २०१७ मध्ये विडीवरचा उपकर गेला, तेव्हा कामगारांचे दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या यांचा हक्काचा निधीही आटला. भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतले किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. त्यात म्हातारपणीचे औषधपाणीही भागत नाही.

तंबाखूचा हा धंदा मुलींच्या वाट्याला येऊ नये, असे त्यांच्या आयांनाच वाटते. गणवेश शिवण्यात सोलापूरचे नाव आहे. त्या धंद्यात शिलाई शिकवताना शिकण्याच्या काळातली मजुरी दिली तरच या बाया येतील, कारण बिनपगारी शिकणे त्यांना परवडत नाही. महापालिका आणि गणवेश उत्पादकांनी मिळून एखाद्या वस्तीत तरी हे येत्या शैक्षणिक वर्षाच्या हंगामापूर्वी सुरू करावे, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर