देव नसलेली जत्रा

तीर्थरूप आई आणि अण्णा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी "काल जत्रेला गेलो होतो" एवढंच म्हटलं आणि अण्णांनी विचारलं, "तिकडं कोणत्या देवाची जत्रा?" मी हसायला लागले, तेवढ्यात तुमची रेंज गेली ती गेलीच. नंतर फोन लागला तेव्हा विषय गोळ्यांवर आणि आईच्या गुडघ्यावर गेला. म्हणून हे पत्र. चुलतभावाला सांगून ठेवलंय, तो कागदावर छापून आणून देईल. चष्मा लावून निवांत वाचा.

तर देव नाही. बाकी सगळं आहे. पाळणे, धूळ, हरवलेली पोरं, कर्ण्यावरून त्यांची नावं पुकारणं, ट्रॅक्टरवाले, मधवाले, तळणाचा वास आणि जनावरं. मिनेसोटा स्टेट फेअर म्हणतात, म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या या राज्याचा मेळा. १८५९ पासून भरतो, ऑगस्टच्या शेवटी बारा दिवस, आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी उठतो. मिनियापोलिस आणि सेंट पॉल या दोन जुळ्या शहरांच्या मधोमध त्याचं कायमचं पटांगण आहे, पक्क्या इमारतींचं. २०१९ साली बारा दिवसांत २१ लाखांवर माणसं आली होती. कोरोनात २०२० ला भरला नाही, त्याआधी १९४६ ला पोलिओच्या साथीमुळे. आम्ही इथं आलो त्याला सहा वर्षं झाली आणि दरवर्षी मी "गर्दी असते" म्हणून टाळत आले. गर्दीला घाबरणारी मी! आपल्या गावच्या यात्रेत हगाम्याच्या कडेला तुमच्या खांद्यावर बसून कुस्त्या बघितलेली.

यंदा गेलो ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी. मुद्दाम तो दिवस धरला नव्हता. सुट्टी होती एवढंच. पण सकाळी निघताना आईचं आदल्या दिवशीचं बोलणं डोक्यात होतं, "मातीचे बैल पुजले, पुरणपोळी केली." मातीचे का, हे तूही सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही.

गाडी लांबच्या मैदानात लावायची आणि तिथून फुकट बस. बसमध्ये आमच्या शेजारी एक आजोबा होते, अण्णांच्याच वयाचे, टोपीवर ट्रॅक्टर कंपनीचं नाव. म्हणाले, साठ वर्षांत दोनदाच चुकली. आत गेल्यावर आधी काय करायचं ते त्यांनी ओमला सांगितलं: आधी भाजलेलं कणीस खा, मग दूध पी, मग पाळण्यात बस. पाळण्यात बसून मग दूध पिऊ नको, उलट करू नको. आम्ही तसंच केलं.

आई, कणसाचं ऐक. सोलत नाहीत, फक्त पानं मागं ओढून त्यांचीच मूठ करतात, आणि भाजलेलं अख्खं कणीस पातळ लोण्याच्या भांड्यात बुचकळून देतात. लोणी कोपरापर्यंत ओघळतं. दाणा इतका गोड की आपल्या मक्यासारखा दाताला लागतच नाही. लिंबू-तिखट नाही. मी पर्समधून चाटमसाल्याची पुडी काढली तेव्हा ह्यांनी ओळख नसल्यासारखी मान वळवली, आणि दोन मिनिटांनी स्वतःचं कणीस पुढं केलं.

बाकी खाणं बहुतेक काडीवर. काडीला टोचता येईल ते टोचायचं आणि जे टोचलं ते तळायचं, असा इथला एकूण धर्म. जावईबापूंचा श्रावण आदल्या दिवशी सुटला होता, त्यामुळे त्यांनी प्रॉन्टो पप नावाचा प्रकार खाल्ला, म्हणजे सॉसेज पिठात बुडवून तळलेलं. १९४७ पासून या जत्रेत विकतात म्हणे. त्यांच्या मते ठीक. मला आवडले ते चीज कर्ड्स. चीज होण्याआधीचे ताजे खडे, पिठात घोळवून तळलेले, भज्यांसारखे. खारट फार. आई, तुला एक खाऊन "पाणी द्या गं" म्हणावं लागलं असतं. लोणच्याच्या काकडीची भजीसुद्धा होती, ती ओमनं थुंकली. स्वीट मार्था नावाच्या दुकानात बिस्किटं चक्क बादलीत देतात, काठावरून वर शीग लावून. झाकण लावायला जागाच नसते, आधी शीग खाऊन उतरवावी लागते. आमची बादली दोन दिवस पुरली. खर्चाचा हिशेब अण्णांनी विचारू नये. तेवढ्यात पेंडेची गोणी आली असती.

काडीवरून आठवलं. अण्णा, तुम्हाला इतिहासाची हौस म्हणून सांगते. "मऊ बोला आणि हातात मोठी काठी ठेवा" हे रूझवेल्टचं वाक्य शाळेत होतं ना, ते त्यानं २ सप्टेंबर १९०१ ला याच जत्रेतल्या भाषणात म्हटलं. तेव्हा तो उपाध्यक्ष होता. चारच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांना गोळी लागली, ते त्यात गेले, आणि त्याच महिन्यात हा राष्ट्राध्यक्ष झाला. मी हे ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "काठीला काय टोचलं होतं?"

शेतीच्या इमारतीत एक दालन नुसतं बियांच्या चित्रांचं आहे. आई, गौरींपुढं तू धान्याचा मोर काढतेस ना, तसं, पण फळीवर एकेक बी चिकटवून. माणसांचे चेहरे, कुत्री, पुढाऱ्यांची टर, सगळं बियांतून. नियम कडक: बी याच राज्यात पिकणाऱ्या पिकांचं पाहिजे, आणि कोणतं कुठं वापरलं त्याचा नमुना चित्राखाली लावायचा. एका म्हातारीच्या पांढऱ्या केसांपाशी मी बराच वेळ थांबले. लांबून खसखस वाटली. तुझ्या मोराच्या पिसाऱ्याला मूग वापरतेस ते बघून इथल्या बायांनी कान धरले असते.

आणि लोणी! दुधाच्या इमारतीत मधोमध काचेची गोल खोली, आतून थंडगार, चार अंश, आणि सावकाश फिरती. आत एक विशीतली मुलगी जाड कोट, हातमोजे घालून खुर्चीवर बसलेली, समोर ९० पौंड लोण्याचा ठोकळा, म्हणजे जवळजवळ ४१ किलो, आणि कारागीर सुरीनं त्यातून तिचं डोकं कोरतोय. १९६५ पासूनची रीत आहे. दुधाच्या धंद्यातल्या घरांमधल्या मुलींतून दरवर्षी एक निवडतात, तिला 'प्रिन्सेस के ऑफ द मिल्की वे' म्हणतात, आणि शेवटच्या फेरीत आलेल्या प्रत्येकीचं डोकं होतं. बाहेर आम्ही घामाघूम, आत तिच्या नाकाचा शेंडा लाल. साडेतीन फॅट धरली तर एका डोक्याला नऊशे लिटरच्या वर दूध लागतं, अण्णा, हिशेब तपासा. आई, तुझा प्रश्न मला काचेपाशीच ऐकू आला: मग त्या लोण्याचं काय करतात? ते डोकं मुलगी घरी घेऊन जाते. कोणी फ्रीजरमध्ये ठेवतं, कोणी गावाला कणसं खायला बोलावून त्यात संपवतं. वाया जात नाही. आता झोप लागेल ना?

दुपारी ऊन चढल्यावर आम्ही जनावरांच्या बाजूला गेलो. मला खरं तेच सांगायचं होतं, पण कणसात अडकले.

एक मोठी शेड आहे, तिथं गाई, मेंढ्या, डुकरिणी लोकांसमोर वितात. चारी बाजूंनी पायऱ्या, वर पडदे, कर्ण्यावरून एकजण सांगतोय. आम्ही पोहोचलो तेव्हा एक काळीपांढरी गाय आडवी पडलेली आणि दोन खुरं बाहेर आलेली. दोनेकशे माणसं आइस्क्रीम खात बघतायत. मला आधी कसंतरीच झालं. आपल्याकडं गाय व्यायला झाली की आई दाराला गोणपाट लावायची, वार पडेपर्यंत शेजारी कळवायचं नाही. इथं टाळ्या वाजवायला बसलेले.

ओम म्हणाला, "तिला दुखतंय?" म्हटलं, हो. मग त्याला खुरं दाखवली. तळ जमिनीकडं होते. सांगितलं, बघ, सरळ येतंय, आता त्यावर नाक दिसेल. मागचे पाय आधी आले असते तर तळ वर दिसले असते. तेवढ्यात नाक दिसलं, आणि नाकाला लागून जिभेचं टोक. शेजारच्या बाई वळून म्हणाल्या, "तुम्ही जनावरांच्या डॉक्टर का?" म्हटलं, नाही, मी बॅटरी धरायचे. त्यांना काही कळलं नाही. इंग्रजीत ते मला नीट सांगताही आलं नसतं, रात्री दोनला, "बॅटरी हलवू नको, आणि रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड" हे.

पशुवैद्यकीच्या दोन पोरी होत्या, त्यांनी वासराच्या पायाला साखळी लावली आणि गाईची कळ आली की तेवढ्यापुरती ओढली. कळ थांबली की त्याही थांबल्या. अगदी तुमच्यासारखं. कालवड झाली. नाकातोंडातला चिकटा काढला, गवतानं खसाखसा पुसलं, आईपुढं सरकवलं. टाळ्या पडल्या तेव्हा गाय दचकली, मग चाटायला लागली. मी त्यातल्या एकीला नंतर विचारलं, चीक उरला तर काय करता? म्हणाली, गोठवून ठेवतो, दुसऱ्या वासरांना होतो. मी खरवसाचं सांगितलं. दुसऱ्या दिवसाचा चीक, त्यात दूध, गूळ, वेलदोडा, डबा कुकरमध्ये. तिनं तोंड जरा वाकडं केलं, पण शब्द फोनमध्ये लिहून घेतला. माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला.

शेजारी गाईंचा गोठा. गोठा कसला, लग्नघरच. एकीला साबणानं धुतायत, एकीचे केस मशीननं कापतायत, एकीला मोठ्या पंख्याच्या नळीनं वाळवून पाठीवरचे केस उभे करतायत. शेपटीचा गोंडा विंचरून फुगवलेला. पोळ्याला आपण शिंगं रंगवायचो, इथं शिंगंच ठेवत नाहीत, म्हणून सगळी हौस शेपटीवर. दहा-बारा वर्षांची पोरं गाईच्या पोटाला टेकून भुशावर गाढ झोपलेली, एकाच्या तोंडावर टोपी. पांढरे कपडे घालून हीच पोरं थोड्या वेळानं गाय घेऊन रिंगणात फिरणार, पंच गाईची कास, पाय, चाल बघणार.

तिथं चौदाएक वर्षांची एक मुलगी खरारा करत होती. मी कधीची उभी आहे बघून म्हणाली, हात लावा, मारत नाही. मी लावला. अण्णा, मानेखालची पोळी अगदी चंद्रीसारखी. मी तिला सांगितलं की आमच्याकडंही काळीपांढरी होती, संकरित. तिचा विश्वास बसेना. भारतात, चाळीस डिग्रीत? इथं थंडीत उणे तीस होतं, तिची काळजी उलटी असते. मी मग सांगत बसले. पत्र्यावर टाकलेलं पाचट, बाजूला टांगलेली ओली पोती, दुपारचं दुसरं पाणी, पहाटेच वैरण टाकणं म्हणजे रवंथाची उष्णता उन्हाच्या आत निपटते. हे सगळं मला येतं हे मलाच माहीत नव्हतं. ऑफिसात सहा वर्षांत एका दमात इतकं बोलले नसेन. ह्यांनी ओमला गोणपाटावर बसून घसरायच्या मोठ्या घसरगुंडीवर नेऊन आणलं तरी आमचं चालूच.

तुम्ही तिथं असता तर माझी गरजच पडली नसती. तुम्ही मराठीत बोलला असता आणि तिनं इंग्रजीत, आणि कासेचा प्रश्न निकाली निघाला असता. पुढच्या ऑगस्टला याच. व्हिसाचं मी बघते. तिथं चाकाची खुर्ची भाड्यानं मिळते, जागोजागी बाकं आहेत, आईनं गुडघ्याचं कारण सांगू नये. श्रावण असला तर कणीस चालतं.

आता काम. ती मुलगी म्हणाली, तिची गाय दिवसाला ऐंशी पौंड देते, म्हणजे पस्तीसेक लिटर. मग विचारलं, तुमची उन्हाळ्यात किती द्यायची, हिवाळ्यापेक्षा किती घटायची? मला सांगता येईना. अंदाजानं ठोकायला जीव झाला नाही. म्हटलं, माझ्या वडिलांच्या वहीत आहे, विचारून कळवते. तिनं पत्ता लिहून दिलाय.

डेअरीच्या पावत्यांची ती लाल वही देवघराच्या वरच्या फळीवर असेल, चंद्री दिल्यानंतर कोणी काढली नसेल तर. शेवटच्या वेताचा मे आणि डिसेंबर बघा. सकाळ-संध्याकाळ वेगळं लिहा, आणि फॅटही. फोनवर सांगू नका, कागदावर लिहून फोटो पाठवायला सांगा.

तुमची,
मनू