चालते का गळते?

स्विंडन
१४ ऑक्टोबर

प्रिय सुन्या,

"गाडी घेतलीस म्हणे. चालते का गळते?" तुझ्या या एका ओळीला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण उत्तर मलाच सापडत नव्हतं. चालतेही आणि गळतेही, बाबा. म्हणजे गळत होती.

गाडी १९७३ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची दोन सीटची इंग्लिश स्पोर्ट्स कार. १९६२ ते १९८० या काळात आबिंग्डन गावच्या कारखान्यात सगळ्या प्रकारच्या मिळून पाच लाखांवर एमजीबी झाल्या. रोडस्टरची बॉडी आमच्या या स्विंडनलाच बनायची, त्यामुळे गल्लीतले म्हातारे येऊन बॉनेटवर हात फिरवून जातात. पण तुला सांगायचंय ते वेगळंच. बॉनेट उघडलं आणि मला तुमच्या अण्णांची अॅम्बॅसिडर दिसली! बी-सिरीज म्हणतात त्याच घराण्यातलं इंजिन आहे रे. अण्णांचं १४८९ सीसी, हे १७९८. थोरली बहीण टॅक्सी लाइनीत राबली, धाकटी लाल रंग लावून मिरवते आहे, एवढाच फरक.

गळण्याची खोडही घराण्यातलीच. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं क्लचचं घर म्हणजे बेल हाउसिंग. त्याच्या तळाला एक भोक असतं आणि त्यात एक कॉटर पिन सैल लोंबत असते. हलत राहून भोक तुंबू देऊ नये म्हणून ती मुद्दाम ठेवलेली. रोज सकाळी त्या पिनेच्या टोकाशी एक थेंब, खाली पुठ्ठ्यावर बशीएवढा डाग. इथल्या एका मेकॅनिकने खाली वाकून अर्धा मिनिट पाहिलं आणि निकाल दिला: क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल. या गाडीचा गिअरबॉक्स नुसता खालून काढता येत नाही. साधी क्लच प्लेट बदलायची तरी इंजिन वर काढावं लागतं. आकडा ऐकून मी गाडी गुपचूप घरी आणली.

मग म्हटलं, आपणच बघू. आधी थेंब कशाचा ते ठरवायचं. वासावर जाऊन उपयोग नाही, कारण हिच्या गिअरबॉक्सलाही इंजिनचंच २०डब्ल्यू५० ऑइल लागतं. पांढऱ्या फडक्यावर थेंब घेतला. काळाकुट्ट. गिअरबॉक्सचं असतं तर मधासारखं निघालं असतं. क्लचच्या सिलिंडरचं फ्लुइड पाण्यासारखं पातळ असतं, तेही नाही. म्हणजे इंजिनचंच.

दुसऱ्या दिवशी सगळं इंजिन धुऊन काढलं, वाळवलं आणि वरून टाल्कम पावडर मारली. बायको म्हणाली, बाळंतिणीचा थाट चाललाय. पंधरा मैल फिरवून आणली आणि टॉर्च, आरसा घेऊन खाली शिरलो. इंजिनच्या तोंडावरचं टायमिंग चेनचं झाकण कोरडं, चेंबरचं, म्हणजे तळाच्या ऑइलच्या टाकीचं, पॅकिंग कोरडं. पण डाव्या अंगाला, मॅनिफोल्डच्या (हवा आणि धूर नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली, पांढऱ्या पावडरीत काजळाच्या रेघेसारखी एक काळी वाट उतरलेली! सुरुवात मागच्या टॅपेट कव्हरपासून. आपल्याकडे हेडवरच्या कव्हरला टॅपेट कव्हर म्हणतात, ते नव्हे. ब्लॉकच्या कुशीत दोन पत्र्याची झाकणं असतात, त्यांतलं मागचं. तिथून वाऱ्याने मागे ढकललेलं ऑइल बेल हाउसिंगच्या पोटावरून बाहेरच्या बाहेर उतरायचं आणि थेंब धरायला त्या पिनेवर येऊन थांबायचं. पिन काढून भोकात चिंधीची वात फिरवली. आतून जवळपास कोरडं. सील बिचारं फुकट बदनाम झालं होतं.

झाकण एकाच मधल्या बोल्टवर बसतं. कुणीतरी ताकद लावून आवळलेला, पत्रा वाकलेला. हातोडीने सरळ केला, नवं कॉर्कचं पॅकिंग घातलं, जेमतेम आवळलं. दोन दिवस सुखाचे गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा थेंब!

इथे मला अक्कल आली. आत दाब साठत असेल तर पॅकिंग तरी किती तग धरणार? इंजिन चालू ठेवून ऑइल भरायची टोपी काढली आणि तोंडावर पॉलिथिनचा तुकडा धरला. तो आत ओढला जायला हवा. माझा पुरीसारखा फुगला. पुढच्या टॅपेट कव्हरवर ब्रीदरचा डबा असतो, त्यातून एक नळी कार्ब्युरेटरला जाते, इंजिन तिच्यातून श्वास टाकतं. नळीत बोट घातलं तर श्रीखंडासारखा काळा गाळ. डब्यातली जाळीही तशीच. पॅराफिनमध्ये, म्हणजे आपल्या रॉकेलमध्येच, रात्रभर बुडवून ठेवलं आणि सायकलच्या जुन्या ब्रशने घासलं. आता पॉलिथिन आत खेचलं जातं. नऊ दिवस झाले, पुठ्ठा कोरडा आहे. एकदा रुपयाएवढा डाग पडला, पण तो ऑइल फिल्टरच्या रबर रिंगचा निघाला. खोबणीत जुनी रिंग तशीच ठेवून वर नवी बसवलेली, आणि हे काम माझंच.

आता मुख्य गोष्ट. माझ्या इंजिनला मागे रबरी सील आहे, कारण १९६४च्या अखेरीस हे पाच बेअरिंगचं, म्हणजे क्रँकला पाच आधार असलेलं, झालं तेव्हा ते आलं. अण्णांचं तीन बेअरिंगचं होतं. त्याला मागे सीलच नसतं! क्रँकवर स्क्रूसारखे आटे असतात, ते फिरताना ऑइल आत परत लोटतात. गाडी थांबली की थोडं ठिबकणारच. आणि आठव, तो मिस्त्री दर पावसाळ्याआधी अण्णांकडून 'मागचं सील बदललं' म्हणून पैसे घ्यायचा!

अण्णांना हे सांगायचं की नाही ते तूच ठरव. त्यांचं बीपी तुला माहीत.

तुझा,
मध्या