नावं न सांगता गेलेल्या त्या दोघांचे आभार

रविवारी इंदूरला आमच्या संस्थेच्या मैदानावर मदतीला थांबलेले काका आणि त्यांच्यासोबतचा तरुण मेकॅनिक, तुमची नावं विचारायची राहूनच गेली. गणपतीचा मांडव घालायचा होता, पावसानं गवत गुडघ्याएवढं वाढलेलं, आणि बसून चालवायच्या गवतकापणी यंत्राची किल्ली नेमकी हरवली.

काकांनी आधी हँडब्रेक ओढायला लावला, पाती बंद आहेत ना ते बघितलं. इंजिन मॅग्नेटोचं, म्हणजे ठिणगी स्वतःच तयार करणारं, बॅटरी तोडली तरी चालू राहणारं. त्यामुळे ते थांबवायचं कसं, हे सुरू करण्याआधीच दाखवलं: इग्निशनची वायर चॅसिसला टेकवली की ठिणगी बंद. मग किल्लीच्या स्विचमागचा प्लग काढून 12 व्होल्टच्या बॅटरीची तार स्टार्टर सोलेनॉइडच्या (स्टार्टर मोटरला वीज जोडणाऱ्या भागाच्या) टोकाला क्षणभर लावली, आणि इंजिन धडधडलं!

सीटखालच्या स्विचच्या तारा थेट जोडून तोही निकामी करू का, असं मी विचारलं. तरुणानं ठाम नकार दिला. चालक उठला की इंजिन थांबवतो तो हाच स्विच. हा नकार मला सगळ्यात मोलाचा वाटला.

दुपारी किल्लीसकट नवा स्विच बसवलात, पैसे फक्त स्विचचे घेतलेत. गणपतीत आरतीला नक्की या, प्रसाद काढून ठेवतो.