बाबांसाठी डायरी सापडली

मुंबई, रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, डिजिटल डायरी मिळाली! तुमची जुनी होती तशीच, कॅसिओची, नंबर आणि तारखा साठवणारी, ६४ केबी मेमरीची, मिटली की सदऱ्याच्या खिशात मावणारी.

सेल बदलायला दिली तेव्हा दुकानदाराने मुख्य आणि बॅकअप (मुख्य काढल्यावर नंबर राखणारा) असे दोन्ही सेल एकदम काढले आणि सगळे नंबर पुसले गेले, हे आईने सांगितलं. तेव्हा मी पटकन म्हणून गेले, "आता फोनमध्येच भरा की सगळं." तुम्ही काहीच बोलला नाहीत. मग गणपतीत चिपळूणला आले तेव्हा डोळ्यांनी बघितलं. डॉक्टरांचा नंबर शोधताना तुमचं बोट काचेवर थरथरत होतं, दोनदा भलत्यालाच फोन लागला, आणि मी "द्या इकडे" म्हणत तो हातातून काढून घेतला. बाबा, चुकलं माझं. बटण दाबलं की बोटाला कळतं, काचेवर कळत नाही. हे मला आधीच उमगायला हवं होतं.

शुक्रवारी रजा टाकून ग्रँट रोडला उतरले. लॅमिंग्टन रोडवर सहा दुकानं पालथी घातली. काउंटरवरच्या पोरांना डिजिटल डायरी म्हणजे काय हेच माहीत नाही; एकाने व्हॉइस रेकॉर्डर पुढे केला. एका वयस्कर दुकानदाराने आतून पाम पायलट नावाचा हातात मावणारा छोटा संगणक काढून दाखवला. १९९६ साली हे यंत्र पहिल्यांदा आलं तेव्हा त्याचं फार कौतुक होतं म्हणे. पण त्यावर काडीने लिहायचं, तेही त्याच्याच वळणाने: इंग्रजी 'ए' काढताना मधली आडवी रेघ द्यायचीच नाही. शिवाय सेल पूर्ण उतरले की आतलं सगळं गेलं. तेच दुखणं पुन्हा कशाला? नको म्हटलं.

तिथून चालत चोरबाजारात गेले. मटण स्ट्रीटवर जुनी घड्याळं मांडून बसलेल्या एका चाचांकडे ही निघाली. उभ्याउभ्याच सेल घालून घेतले, एकेक बटण दाबून पाहिलं, यंदाचं साल घेते का बघितलं, गजर वाजवला. 'एम'चं बटण जरा जोर लावून दाबावं लागतं, बाकी ठणठणीत.

गणपतीत तुमची निळी वही आणली होती ना, त्यातले नंबर रात्री बसून भरले. मराठी अक्षरं यात नाहीत, म्हणून नावं इंग्रजीत आहेत. वहीतले मुंबईचे जुने लँडलाइन सात आकडी, आता ते आठ आकडी झालेत, म्हणून त्यांच्या सुरुवातीला २ लावला. खात्री करायला गिरगावच्या आत्याला फोन लावला, तर तिनेच उचलला! अर्धा तास बोलत होतो. "दादाचा आवाज ऐकून वर्षं झाली" म्हणाली. पहिला फोन तिलाच करा.

डोळ्यांची तपासणी, आईच्या गुडघ्याचे डॉक्टर, तुमची साखर, सगळ्या तारखा टाकल्यात. प्रत्येकीची आदल्या संध्याकाळी सहाची नोंद वेगळी केली आहे, म्हणजे उपाशी जायचं असेल तर आधी कळेल. आई, गजर बारीक वाजतो. डायरी कपाटात नको, देवघराशेजारच्या फळीवर ठेव.

सेल बदलताना आधी मुख्य सेल बदलायचे, झाकण लावून डायरी चालू करून नंबर आहेत ना बघायचं, मगच बॅकअपचा. दोन्ही एकदम बाहेर कधीच काढायचे नाहीत. तुम्ही दुकानात नेऊच नका, दिवाळीत आले की मी बदलेन. सोबत सीआर २०३२ सेलचं पाकीट आहे, ते मात्र कपाटात वरच्या खणात, कुलपात. गोळीसारखे दिसतात, आणि लहान मुलाने गिळले तर अन्ननलिका आतून भाजते. दादाची चिमी सगळं तोंडात घालते.

मामा शनिवारी तुतारी एक्सप्रेसने निघतोय, त्याच्याजवळ देते. निळी वहीही परत पाठवतेय, टाकू नका. नवा नंबर आला की दोन्हीकडे लिहा.

तुमची,
छोटी