वॉर्ड चालवणारीला व्यवस्थापनाचे शिक्षण कधी?

संपादक महोदय,
सादर नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शिक्षणविषयक पुरवणीत रुग्णालय व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची माहिती नुकतीच वाचनात आली. पात्रता, प्रवेशपरीक्षा, शुल्क, नोकरीच्या संधी हे सारे त्यात व्यवस्थित मांडले होते आणि नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलामुलींना ते उपयोगी पडेलही. मात्र रुग्णालयातला वॉर्ड न् वॉर्ड ज्यांच्या जिवावर चालतो, त्या परिचारिकांचा त्या पानभर मजकुरात एकदाही उल्लेख नव्हता. शासकीय सेवेत चौतीस वर्षे अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), परिसेविका (वॉर्डाची प्रमुख) आणि शेवटी सहाय्यक अधिसेविका (सहाय्यक मेट्रन) म्हणून काम केल्यामुळे मला याचे नवल वाटले नाही, परंतु गप्पही बसवले नाही.

शासनाच्या कागदावर जी परिसेविका असते आणि वॉर्डात जिला सगळे इनचार्ज सिस्टर म्हणतात, तिची सकाळ एकदा जवळून पाहावी. रात्रपाळीकडून ओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती आणि कामाचा ताबा, घ्यायची, गंभीर रुग्ण कोण ते पाहायचे, तीस खाटांच्या वॉर्डात पन्नास रुग्ण असतील तर वरच्या वीस जणांच्या गाद्या कुठे टाकायच्या ते ठरवायचे, कोण रजेवर आहे आणि तिच्या जागी कोणाची सुटी रद्द करायची हा रोजचा वाईटपणा घ्यायचा, औषधांचे इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, भरायचे, धोब्याकडून आलेल्या चादरी मोजायच्या, मावशी-मामांची (वॉर्डातील मदतनिसांची) कामे वाटायची, राऊंडला डॉक्टरांबरोबर राहायचे आणि मधल्या वेळेत महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णांची कागदपत्रे अपुरी का राहिली याचे उत्तरही द्यायचे. माणसे, साहित्य, पैसा, जागा आणि वेळ यांची सांगड घालण्यालाच व्यवस्थापन म्हणत असतील, तर इनचार्ज सिस्टर हीच रुग्णालयातील पहिली व्यवस्थापक ठरते. तिला ते काम शिकवावे, असे मात्र कोणाला वाटत नाही. मी परिसेविका झाले त्या दिवशी मला चाव्यांचा एक जुडगा आणि डेडस्टॉक रजिस्टर (वॉर्डातील टिकाऊ वस्तूंची नोंदवही) एवढेच मिळाले, आणि त्या दोहोंचा मेळ एकमेकांशी बसत नव्हता.

पुढे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची रुग्णालय व आरोग्य व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणाने पूर्ण केली. संपर्कवर्गाला जाण्यासाठी सहकारी मैत्रिणींशी पाळ्यांची अदलाबदल करावी लागे. त्या वर्गात माझ्या शेजारी आयुर्वेदाचे डॉक्टर आणि दंतवैद्य बसत, आणि 'सिस्टर, तुम्ही इथे कशा?' हा प्रश्न मला पहिल्या दिवशी तीनदा विचारला गेला. साठा-नियंत्रणाच्या धड्यात किमतीनुसार आणि निकडीनुसार साहित्याची वर्गवारी करण्याची पद्धत वाचली तेव्हा हसू आले, कारण सलाईनच्या सुया ऐन रात्री संपू नयेत म्हणून मी मुलीच्या वहीतल्या आलेख-कागदावर कित्येक वर्षे जवळजवळ तेच करत होते. फरक इतकाच की माझ्या कागदाला 'सिस्टरची वही' म्हणत आणि पुस्तकातल्या कोष्टकाला शास्त्र म्हणत.

या शिक्षणाचा सर्वांत मोठा उपयोग मला मनुष्यबळाच्या हिशेबात झाला. वॉर्डातील एक जागा वर्षभर चोवीस तास भरलेली ठेवायची तर तीन पाळ्यांप्रमाणे वर्षाला १०९५ ड्युट्या होतात. साप्ताहिक सुट्या, नैमित्तिक व अर्जित रजा आणि शासकीय सुट्या वजा केल्यावर एक परिचारिका वर्षात जेमतेम २६० ड्युट्या करू शकते. म्हणजे एका जागेसाठी तीन नव्हे, तर चारहून अधिक परिचारिका लागतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे आणि अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका सांगितली आहे आणि त्यावर रजेसाठी तीस टक्के राखीव मनुष्यबळ धरायला सांगितले आहे, ते याच कारणाने. पूर्वी आम्ही 'स्टाफ कमी आहे, कृपया वाढवावा' एवढेच लिहीत असू आणि ती पत्रे फायलीत विसावत. पदविकेनंतर मी हा सगळा हिशेब कोष्टकासह मांडून पाठवला. स्टाफ वाढला नाही. पण पत्राला लेखी उत्तर आले आणि ते माझ्या कारकिर्दीतले या विषयावरचे पहिलेच उत्तर होते.

आता उपलब्ध मार्गांकडे पाहू. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचा रुग्णालय प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम किंवा पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातील याच विषयातील एमडी हे एमबीबीएस डॉक्टरांसाठी आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा किंवा पुण्यातील सिम्बायोसिसचा अभ्यासक्रम पूर्णवेळ दोन वर्षांचा आहे. तिथे परिचर्येच्या पदवीधराला मज्जाव नाही, पण ज्या बाईला घर, मुले आणि महिन्याला ठरावीक रात्रपाळ्या आहेत, तिने गणिती क्षमतेच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून, नोकरी सोडून, ते शुल्क भरावे अशी अपेक्षा करणे म्हणजे दार उघडे ठेवून जिना काढून घेण्यासारखे आहे. परिचारिकांचा हक्काचा पदव्युत्तर मार्ग म्हणजे एमएस्सी नर्सिंग. त्यात विशेष विषय पाच: वैद्यकीय-शल्य, सामुदायिक आरोग्य, बालरोग, प्रसूती-स्त्रीरोग आणि मनोविकार परिचर्या. व्यवस्थापन हा दुसऱ्या वर्षातला एक पेपर आहे, स्वतंत्र विशेष विषय नाही. शिवाय ही पदवी घेतलेल्या बहुतेक मुली महाविद्यालयात शिकवायला जातात, कारण वॉर्डात परत आले तर त्या पदवीला वेगळे पद नाही आणि वेगळे वेतनही नाही. एवढे शिकलेली परिचारिका रुग्णाच्या खाटेपासून दूर जाते, याचा दोष तिला कसा द्यावा?

याहून बिकट अडचण पायाशीच आहे आणि तिच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. आज जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत इनचार्ज म्हणून काम करणाऱ्या माझ्या पिढीतील आणि नंतरच्याही अनेकजणी जीएनएम, म्हणजे पदविकाधारक आहेत. पंचवीस वर्षांचा अनुभव असला तरी पदवी नसल्यामुळे कोणत्याही पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा अर्जसुद्धा त्यांना भरता येत नाही. आधी पदविकाधारकांसाठीची दोन वर्षांची पदवी, म्हणजे पोस्ट बेसिक बीएस्सी, करायची, त्यासाठी प्रतिनियुक्ती किंवा अध्ययन रजा मिळवायची, आणि तोवर सेवानिवृत्ती दिसू लागलेली असते. मला स्वतःला ती बीएस्सी वेळेवर करता आली हा निव्वळ योग होता; त्या वर्षी माझ्या आधीच्या क्रमांकाच्या मैत्रिणीने घरच्या आजारपणामुळे नाव मागे घेतले होते.

हा केवळ परिचारिकांच्या बढतीचा प्रश्न आहे असे कोणी म्हणेल, म्हणून एक दुःखद आठवण काढावी लागते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात लागलेल्या आगीत दहाहून अधिक रुग्ण गेले. दोन्ही ठिकाणी कारवाई झालेल्यांत परिचारिका होत्या. त्या घटनांतील दोष कोणाचा हे ठरवण्याचा अधिकार मला नाही आणि ते मी इथे करतही नाही. पण कोणत्याही शासकीय रुग्णालयात काम केलेल्या व्यक्तीला हे ठाऊक असते की प्लगमधून ठिणगी उडताना पहिल्यांदा पाहते ती सिस्टर, आणि त्या वायरिंगवर अधिकार असतो सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेचा. मधल्या पत्रव्यवहारात तिची तक्रार किती दिवस फिरेल हे तिच्या हातात नसते. एका कक्षात किती यंत्रे एकाच वेळी चालवावीत, आगीच्या वेळी चालता न येणाऱ्या रुग्णांना कोणत्या क्रमाने हलवावे, त्याचा सराव किती दिवसांनी घ्यावा हे आरोग्यसेवा व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमातले विषय आहेत. जबाबदारी ठरवताना परिचारिका व्यवस्थेचा भाग मानली जाते. मग शिक्षण आणि अधिकार देतानाही तसेच मानावे.

'सगळ्या सिस्टर मॅनेजर झाल्या तर इंजेक्शन कोण देणार?' असे एक वरिष्ठ डॉक्टर मला गमतीने म्हणाले होते. प्रश्न गमतीचा असला तरी खोटा नाही, कारण खाटेशी माणसे आधीच कमी आहेत. परंतु मी मागते आहे ते वॉर्ड सोडून केबिनमध्ये जाण्याचे शिक्षण नव्हे. ज्या बाईला आपण वॉर्डाच्या चाव्या देणारच आहोत, तिला त्या देण्याआधी किंवा निदान दिल्यावर लगेच एक-दोन वर्षांचा अंशकालीन अभ्यासक्रम करता यावा, ज्यात तिचा स्वतःचा वॉर्ड हीच प्रयोगशाळा असेल. जंतुसंसर्गाचे प्रमाण कसे मोजावे, एका शस्त्रक्रियेचा खरा खर्च किती, तक्रार कशी हाताळावी, जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम पिशव्यांच्या रंगांपलीकडे काय सांगतात, हे तिने आपल्याच नोंदवह्यांतून शिकावे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्ये १९९८ पासून आहे आणि राज्यभरातील परिचर्या महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. दर महिन्याला दोन दिवस वर्ग आणि उरलेला अभ्यास कामाच्या जागी, असा अभ्यासक्रम या विद्यापीठाला अशक्य नसावा. फिजिओथेरपिस्ट, औषधनिर्माते आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांनाही त्याच वर्गात घ्यावे. रुग्णालयातील निम्मी भांडणे एका विभागाला दुसऱ्याची अडचण माहीत नसल्यामुळे होतात.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापन केडरबाबत राज्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत आणि त्यात आरोग्य व्यवस्थापनाचा स्वतंत्र संवर्ग सुचवला आहे. राज्याने तो संवर्ग उभारताना अधिसेविका आणि परिसेविकांतून काही जागा भरण्याची तरतूद सेवाप्रवेश नियमांतच करावी. तसे झाले नाही, तर कोणतीही परिचारिका स्वतःच्या पगारातून शुल्क भरून हे शिकणार नाही. माझ्या पदविकेची नोंद सेवापुस्तकात झाली, तेव्हा लिपिकाने मला प्रामाणिकपणे विचारले होते, 'सिस्टर, याचा काही भत्ता असतो का?' नसतो, असे मी सांगितल्यावर त्यांनी ती नोंद शेवटच्या पानावर केली.

आपल्याला एक छोटी विनंती आहे. पुढच्या वेळी पुरवणीत अशा अभ्यासक्रमांचा तक्ता देताना त्यात दोन रकाने वाढवावेत: परिचर्या पदवीधरास प्रवेश आहे काय, आणि नोकरी सांभाळून तो पूर्ण करता येतो काय. दुसऱ्या रकान्यात किती ठिकाणी 'नाही' लिहावे लागते, ते आपल्या वाचकांनाही छापील दिसेल.

आपली नम्र,
एक निवृत्त सहाय्यक अधिसेविका
जिल्हा सातारा