मोबाईलला दोष देण्याआधी आमच्या गल्लीतला रोड पाहा

संपादक साहेब, नमस्कार.

कालच्या अंकातला शेजाऱ्यांवरचा लेख वाचला अन् तेव्हापासून डोक्यातून जातच नाही. सगळा दोष मोबाईलवर टाकून मोकळे झाले तुमचे लेखक, म्हणे माणसं घरात फोन पाहत बसतात म्हणून गावातला शेजार संपला. माफ करा पण आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना अजूनही संध्याकाळी होते, तिथं येणाऱ्यांच्या खिशातही मोबाईल असतोच ना, तरी येतात, कारण मंदिरासमोर बसायला जागा आहे. आमच्या गल्लीतली जागा गेली, ती कशानं गेली हे कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते.

आमच्या गल्लीत दोन्ही बाजूनं ओटे होते. वावरातून आलं, हातपाय धुतले की बाया ओट्यावर, कोणी भाजी निवडते, कोणी तुरीच्या शेंगा सोलते, कोणाच्या घरी ताप आहे, कोणाची लेक बाळंतपणाला येऊन राहिली, सगळं तिथंच समजायचं, मुद्दाम कोणाच्या घरी जाऊन विचारावं लागत नव्हतं. उन्हाळ्यात कुरडया, सरगुंडे, मुंगवड्या कोणाच्याही घरच्या असोत, हात साऱ्या गल्लीचे. पोळा फुटला की बैलजोड्या दारोदार यायच्या, ओट्यापाशीच त्यांचे पाय धुवायचे, ओवाळायचं अन् गड्याच्या हातात बोजाऱ्याचे पैसे द्यायचे.

मग सिमेंट रोड आला. पहिल्यांदा झाला तेव्हा आनंदच झाला, चिखल गेला. पण काही वर्षांनी त्याच रोडवर पुन्हा थर ओतला, जुना खोदलाच नाही, अन् आमचे ओटे रोडच्या खाली गेले. नाली एकाच बाजूनं, तीही अर्ध्यात सोडली. आता जोराचा पाऊस आला की रोडवरचं पाणी सरळ घरापुढच्या सपरीत. मग ज्यानं त्यानं ओटा फोडून दारापुढं भिंत घेतली, उंच फाटक लावलं, अन् ज्याच्या दारात भिंत त्याचं पाणी शेजाऱ्याच्या दारात.

मागच्या पावसाळ्यात रात्री असंच झालं. खताची पोती सपरीत होती, खालची पूर्ण भिजली, धान्याच्या कोठीपर्यंत पाणी. शेजारच्या भाऊंनी दोन दिवस आधी बांध घातला होता, तिकडचं सगळं पाणी आमच्याकडं वळलं. सकाळी आमचे हे बोलायला गेले, शब्दाला शब्द लागला, अन् बोलणं बंद झालं ते आजपर्यंत. संपादक साहेब, हेच भाऊ आमच्या सासऱ्यांना वावरात साप चावला तेव्हा मोटरसायकलवर मधात धरून दवाखान्यात घेऊन गेले होते, रात्रभर तिथंच पायरीवर बसून होते. यंदा त्यांच्या लेकीचं लग्न झालं, त्या पोरीला मी अंगाखांद्यावर खेळवलं, अन् तिच्या हळदीला मी गेली नाही. माझा त्यांच्यावर राग नाही, त्यांच्याही घरात पाणी शिरतच होतं, माणूस काय करणार. पण मला कोणी सांगू नका की हे मोबाईलमुळं झालं.

२००७ साली तंटामुक्त गाव मोहीम आली तेव्हा आमच्याही गावात समिती झाली होती, समजूत घालायची, हात मिळवायला लावायची. अहो पण तंटा नालीचा आहे, नाली झाल्याशिवाय समजूत किती दिवस टिकेल. १ मेच्या ग्रामसभेत मी उभी राहून विचारलं, तर "निधी आला की करू" एवढंच उत्तर. वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीला येतो, त्याचा आराखडा ग्रामसभेतच ठरवायचा असतो, मग त्या आराखड्यात रोडवर रोड येतो अन् नाली काहून येत नाही? ग्रामसभेला बायांनी जास्त यायला पाहिजे हेही खरं, दोघी-तिघीच असलो की आमचं कोण ऐकते.

अन् एक गोष्ट तुमच्याही पेपरची. ही नालीची बातमी तुमच्या प्रतिनिधीला फोटोसहित दिली होती, छापून आली नाही. पण तालुक्याच्या पानावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे एवढाले फोटो रोज असतात, आमच्यासारख्यांनी वाचायचं तरी काय त्यात? त्यातली एखादी चौकट आमच्यासारख्या गल्ल्यांना द्या.

शेजारावर पुन्हा लेख छापणार असाल तर लेखकाला आधी पावसात आमच्या गल्लीत पाठवा. अन् जुना रोड खोदल्याशिवाय नवीन ओतायचा नाही, दोन्ही बाजूनं नाली झाल्याशिवाय ठेकेदाराचं बिल काढायचं नाही, एवढं मात्र जरूर छापा, कारण आमच्या मागच्या गल्लीत आता रोडचं काम सुरू होऊन राहिलं अन् तिथले ओटे अजून शाबूत आहेत.

तुमची एक वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ